भाऊसाहेबांचं शिष्टाचाराचं कलम

भाऊसाहेब रणनवऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा गौरव अंक निघतो आहे. वकील मंडळींकडून लेख मागवले आहेत आणि "आठवणी हृद्य असाव्यात" अशी सूचनाही केली आहे. माझ्याकडं निरोप घेऊन आलेला मित्र चांगला माणूस आहे. तो म्हणाला, "लिही की चार ओळी. म्हातारा माणूस हाय." मी लिहायला बसलो आणि ते चार ओळींत मावेना. हे गौरव अंकात छापणार नाहीत हेही लगेच कळलं. तरी लिहितो आहे. माणूस म्हातारा झाला म्हणून त्यानं घातलेली कुलपं आपोआप उघडत नाहीत.

भाऊसाहेब उंच, ताठ, सावळे. केस पांढरेशुभ्र आणि मागं वळवलेले. मंगळवार पेठेत त्यांचं ऑफिस. आत गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की टेबलापुढं खुर्ची नाही. अशील उभं राहून बोलतो. खुर्च्या भिंतीला आहेत, त्या इतर वकिलांसाठी. अशील बोलायला लागला की भाऊसाहेब डोळे मिटतात. बोलणारा आधी जोरात बोलतो, मग हळू, मग अडखळतो, मग गप्प होतो. तेव्हा ते डोळे उघडून विचारतात, "संपलं?" मी या एका शब्दानं मोठमोठे बागाईतदार चळचळा कापताना पाहिलेत. संपलेलं नसतं कुणाचंच, पण "हो" म्हणतात.

गैरसमज नको. भाऊसाहेबांनी कुणाचे पैसे खाल्ले नाहीत. कोर्टात कधी उशिरा आले नाहीत. आवाज चढवला नाही. दावा कसा लिहावा हे त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा माणूस आमच्या जिल्ह्यात नाही, हे त्यांचे शत्रूसुद्धा सांगतील. नवा ज्युनिअर ऑफिसात आला की त्याला ते काळा कोट शिवून देत, स्वतःच्या शिंप्याकडून, माप घेताना स्वतः उभं राहून. खेड्यापाड्यातून आलेल्या पोराला त्या कोटाचं काय वाटतं ते मला माहीत आहे. पण पुढं दहा वर्षांनी तोच पोरगा एखाद्या सभेत त्यांच्याविरुद्ध हात वर करायला निघाला, तर भाऊसाहेब हसून चार माणसांत विचारत, "कोट अजून बसतोय न्हवं अंगाला?" हात खाली यायचा. मी पत्रकं वाचत मोठा झालो. आमच्या घरी कामगारांची पत्रकं छापली जायची आणि त्यांच्यातले मालक नेहमी जाडे, अंगठ्या घातलेले असायचे. भाऊसाहेब भेटल्यावर कळलं की पत्रकातली चित्रं फार सोपी होती. खरा दाब असा प्रेमानं माप घेऊन शिवला जातो.

आता खेळाचं सांगतो, कारण हा माणूस मला खरा कळला तो मैदानावर.

आमच्या वकिलांची दर वर्षी क्रिकेटची स्पर्धा व्हायची. एका वर्षी पायचीत आहे की नाही यावर दोन्ही बाजूंनी इतका युक्तिवाद झाला की डाव पुरा झालाच नाही, आणि दोन वकिलांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. तेव्हा सभेत भाऊसाहेब उठले. कॉलेजात असताना ते विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळलेले. म्हणाले, "क्रिकेट सगळ्यांना येतंय म्हणून सगळे भांडतात. ज्यातलं कुणालाच काय कळत न्हाय ते खेळूया. नियम मी लिवतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, वाक्य चांगलंच होतं. पण त्यातला शेवटचा भाग कुणी नीट ऐकला नाही. ज्या खेळातलं कुणालाच काही कळत नाही, त्याचे नियम लिहिणाऱ्याला विचारणार कोण?

खेळ तसा सोपा आहे. पिचर हात खालून फिरवून चेंडू टाकतो. बॅटर मारतो आणि चार कोपऱ्यांवरच्या बेसना वळसा घालून निघाल्या जागी, म्हणजे घरी, परत येतो, की एक धाव. सरळ आलेले तीन चेंडू चुकले किंवा सोडले, म्हणजे तीन स्ट्राइक, की बाद. एवढंच. दर रविवारी सकाळी आम्ही जमायचो. पोट सुटलेले दिवाणी वकील, रात्री उशिरापर्यंत कागद वाचून डोळे सुजलेले फौजदारी वकील, सगळे हसत खेळत धापा टाकायचे. पहिल्या वर्षी नियमावली एका कागदावर मावली होती. मग ती वाढत गेली. प्रत्येक कलमामागं एक माणूस उभा होता आणि तो कोण हे सगळ्यांना माहीत असायचं.

एका ऑफिसातल्या बबन नावाच्या क्लार्कनं पहिल्याच सामन्यात चेंडू कंपाउंडबाहेर घालवला. पुढच्या रविवारी कलम आलं: सनद असलेल्यांनीच खेळावे. कोडोलीचा वकील सर्जेराव पाटील सकाळी म्हशी पिळून, डेअरीला दूध घालून तसाच मोटरसायकलवर यायचा आणि अनवाणी पळायचा. पळायचा मात्र हरणासारखा. कलम आलं: पायात बूट अनिवार्य. सर्जेराव त्या रविवारी गोठ्यातले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आला.

"हे काय घातलंस?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"बूट."

"हे खेळायचे हायती?"

"म्हशीला इचारा की. रोज लाथ मारतीया, अजून एकदा बी लागली न्हाय."

सगळं मैदान हसलं. भाऊसाहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. पुढच्या आठवड्यात कलमाला शेपूट फुटलं: 'क्रीडेस योग्य असे'. कुणी काही बोललं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "हे मी सांगत न्हाय, नियम सांगतोय." नियम जणू पन्हाळ्याच्या वाऱ्यासारखा कुठून तरी वाहत आला होता, आणि त्यांनी फक्त छत्री धरली होती.

त्यांच्या नि:पक्षपातीपणाचाही एक किस्सा आहे, आणि तो मी गौरव अंकासाठीच राखून ठेवला होता. एका सामन्यात भाऊसाहेब घराकडं पळत आले आणि बाद झाले. स्वच्छ बाद. अंपायरनं हात वर केला. भाऊसाहेबांनी वाद घातला नाही. कपड्यावरची माती झटकली आणि शांतपणे म्हणाले, "अंपायरसाहेब, अपील हाय."

अपील ऐकायला नियम समिती होती. तिघांची. अध्यक्ष भाऊसाहेब. ते स्वतःच म्हणाले, "मी बसणार न्हाय. माझाच विषय हाय. बरोबर दिसत न्हाय ते." आणि लिंबाच्या झाडाखाली जाऊन आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. समितीतले उरलेले दोघं त्यांच्याच ऑफिसात तयार झालेले. ते दोघं कुजबुजले. मग त्यांनी लिंबाखालच्या पाठीकडं पाहिलं. पुन्हा कुजबुजले. पुन्हा पाठीकडं पाहिलं. निकाल आला: शंकेचा फायदा बॅटरला. भाऊसाहेब परत आले, आपली धाव लिहायला लावली आणि अंपायरला म्हणाले, "मनाला लावून घिऊ नका. व्हतंय कधी कधी."

त्या पाठीइतकी बोलकी पाठ मी दुसरी पाहिली नाही.

आता त्या कलमाकडं येतो. महेश नावाचा त्यांचा एक जुना ज्युनिअर होता. ऑफिस सोडून स्वतःचं काम करायला लागलेला, साधा, हसरा माणूस. एका रविवारी तो समोरच्या संघातून पिचिंग करत होता आणि त्याच्या तीन चेंडूंवर भाऊसाहेबांची बॅट तीन वेळा हवेत फिरली. बाहेर बसलेली वकिलांची पोरं हसली. पोरंच ती. महेशही हसला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "माफ करा सर." भाऊसाहेब म्हणाले, "माफी कशाची? चांगलं टाकलंस."

पुढच्या रविवारी खेळाआधी त्यांनी नवं कलम वाचून दाखवलं. शिष्टाचाराचं कलम. आजी वा माजी ज्युनिअरने आपल्या सीनियरला पिचिंग करू नये, सीनियर बॅटिंगला आल्यास तेवढ्यापुरता पिचर बदलावा, न बदलल्यास त्या संघाने सामना गमावला असे समजावे. मग कागद खाली ठेवून म्हणाले, "कोर्टात आपण आपल्या सीनियरच्या विरोधात उभं ऱ्हात न्हाय. मग मैदानात कशाला? कोट काढला म्हणून माणूस बदलतोय व्हय?"

हात वर करून मतदान झालं. पहिला हात महेशचा होता.

गंमत पाहा. जिल्ह्यातल्या निम्म्या वकिलांनी कधी ना कधी त्या ऑफिसात काम केलेलं. म्हणजे भाऊसाहेब बॅट घेऊन आले की समोरचा संघ शोधाशोध करायचा: बाबा रे, सरांकडं कधीच नव्हता असा कोण हाय का? मग महसूल खात्याची कामं करणारे एक वृद्ध गृहस्थ पुढं यायचे, ज्यांचा चेंडू बॅटरपर्यंत पोचायलाच दमायचा. भाऊसाहेब तो मजेत मारायचे. त्या हंगामात सर्वाधिक धावांचं बक्षीस त्यांना मिळालं आणि त्यांनी ते नम्रपणे स्वीकारलं.

हे नुसतं हसण्यावारी नेलं असतं. पण भाऊसाहेब कोर्टाबद्दल बोलले होते ते खरं होतं. आमच्याकडं तशी प्रथा आहे. कायद्यात ती कुठंही लिहिलेली नाही. ज्या अशिलाचे कागद आपण पाहिले, त्याच्याविरुद्ध उभं राहू नये, हे मला शंभर टक्के मान्य. त्यात अशिलाचं रक्षण आहे. पण ज्याच्या टेबलाशी काम शिकलो, त्या माणसासमोर जन्मभर तोंड उघडू नये, यात कुणाचं रक्षण आहे? सांगतो कुणाचं. मोठे अशील हे बरोबर ओळखून होते. भाऊसाहेबांचं वकीलपत्र लागलं की समोरच्या माणसासाठी निम्म्या वकिलांची दारं बंद. भाऊसाहेबांना नेमायचं म्हणजे एक वकील विकत घ्यायचा आणि त्याच्याबरोबर इतरांचं गप्प बसणं फुकट मिळवायचं. याला शिष्टाचार म्हणतात. आमच्या घरच्या पत्रकांत याला दुसरा शब्द असता.

सुजाता कांबळे कबनूरची. वडील आयुष्यभर यंत्रमागावर. शाळेत असताना ती सॉफ्टबॉल खेळायची, जिल्ह्याच्या संघात पिचर होती. भाऊसाहेबांच्या ऑफिसात ती अडीच-तीन वर्षं होती. ते तिची ओळख करून द्यायचे, "ही आमची कबनूरची पोरगी. बघा, कशी तयार केलीया." इतरांची ओळख नावानं, हिची गावानं. एकदा ती हसत म्हणाली, "सर, तयार हुनच आल्ते मी. तुम्ही फक्त कोट घातला." भाऊसाहेबही हसले. त्यानंतर महिनाभर तिला कोर्टात नुसत्या तारखा मागायला पाठवलं. तोंडातून दुसरा शब्द काढायची संधी नाही. मग तिनं ऑफिस सोडलं आणि कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली स्वतःचं टेबल टाकलं. टेबल चालायचं ते इतर वकिलांनी दिलेल्या बारीकसारीक कामांवर. कुणाची प्रतिज्ञापत्रं, कुणाच्या तारखा.

ती सोडून गेल्याला वर्ष होऊन गेलं आणि कबनूरच्या एका यंत्रमागाच्या शेडमधल्या कामगारांना मालकानं काढून टाकलं. त्यांनी मागितलं काय होतं? हजेरी कार्ड. आम्ही इथं कामाला आहोत एवढं लिहून द्या. दुसऱ्या दिवशी शेडला दुसरं कुलूप. मालकानं भाऊसाहेबांना वकील नेमलं. कामगारांतले दोघं, राजाराम आणि मौला, वकील शोधत कोल्हापुरात फिरायला लागले. पहिल्या वकिलानं चहा पाजला. कागद वाचले. म्हणाला, केस चांगली आहे. मग विचारलं, "समोरनं कोण हाय?"

"रणनवरे साहेब."

"मग मला न्हाय जमायचं, मामा. सरांनी कोट घातलाय मला."

राजाराम बाहेर येऊन मौलाला म्हणाला, "कोटाचं काय म्हनत हुता रं त्यो?" मौला म्हणाला, "लहान व्हत असंल." दुसऱ्या वकिलानं चहा पाजला नाही, बाकी तेच. तिसऱ्यानं तर फोनवरच सांगितलं. शेवटी ते सुजाताकडं आले. राजाराम तिच्या वडिलांबरोबर एके काळी एकाच पाळीत होता.

वेळ थोडा होता. माग हलवताना कामगारांनी आडवं येऊ नये असा हुकूम मालकानं कोर्टात मागितला होता, त्याची मंगळवारची तारीख होती. त्या दिवशी कामगारांतर्फे कुणी उभं राहिलं नाही तर मालक शेडमधले माग उचलून दुसऱ्या गावी नेणार होता. मग काम गेलंच, आणि इथं काम करत होतो हे दाखवायला जागाही गेली.

सुजातानं त्या मालकाचा एकही कागद कधी पाहिलेला नव्हता. तो अशील आला तेव्हा ती त्या ऑफिसात नव्हतीच. कायद्यानं काही अडचण नव्हती. तरी तिनं लगेच सही केली नाही, आणि मी तिला दोष देत नाही. तिनं दोघा-तिघा ज्येष्ठांना विचारलं. सगळे म्हणाले, केस बरोबर आहे, तू करू नको. एकानं स्पष्टच सांगितलं, "तुझं टेबल आमच्या कामावर चालतंय. सरांच्या विरोधात गेलीस तर आम्हांला तुला काम देणं अवघड हुईल. आमचा राग न्हाय, पण दिसायला बरं दिसणार न्हाय." मग भाऊसाहेबांचाच फोन आला. मी तिच्या टेबलाशी उभा होतो आणि ती स्पीकर लावून कागद लावत बसली होती, म्हणून मी ऐकला.

"सुजाता, ते कबनूरचे लोक आल्ते म्हणं तुझ्याकडं."

"व्हय सर."

"त्यांना सांग, दुसरा कोणतर बघा म्हणावं."

"दुसरं कोण हाय सर?"

"आता ते मी कसं सांगू?"

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पंचिंग मशिननं एकाच कागदाला भोकं पाडत राहिली.

त्या मंगळवारच्या आधीचा रविवार. हंगामातला शेवटचा सामना. चिठ्ठ्या टाकून संघ पाडलेले, आणि सुजाता भाऊसाहेबांच्या विरुद्ध संघात आलेली. मीही तिच्याच संघात, डावीकडं लांब, जिथं चेंडू सहसा येत नाही. सर्जेराव कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागं बसून चेंडू झेलणारा. अंपायर महेश. खेळ चालू असतानाच राजाराम आणि मौला मोटरसायकलवरून आले. वकीलपत्रावर सगळ्यांच्या सह्या, अंगठे घेऊन आले होते. फक्त वकिलाची जागा मोकळी. पाळी बदलायच्या वेळेला सुजाता त्यांच्याकडं गेली.

"सही करतीस का न्हाईस एवढं सांग, बाळ," राजाराम म्हणाला. "न्हाय म्हनलीस तरी राग न्हाय."

"डाव संपूदे, मामा," ती म्हणाली.

थोड्या वेळानं भाऊसाहेब बॅट घेऊन आले. सगळ्या मैदानाची सवय अशी झाली होती की ते महसूलवाले गृहस्थ हातमोजा घालून आपणहून चालायला लागले. सुजाता जागची हलली नाही.

महेश म्हणाला, "सुजाता, पिचर बदल."

"कशाला?"

"तुला ठावं हाय की."

"ठावं हाय. सरांना उभं ऱ्हाऊदे."

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "महेश, कलम वाच."

"नको वाचूस, पाठ हाय मला," सुजाता म्हणाली. "सर, एक विचारते. मी तुमच्या ऑफिसात हुते म्हणून मी तुमच्यासमोर चेंडू टाकायचा न्हाय. आणि मंगळवारी?"

"मंगळवारचं इथं कशाला काढतीस?"

"एकच हाय ते सर."

"हे मी सांगत न्हाय. नियम सांगतोय."

"मग नियमाला म्हणावं, बॅट ठेव खाली."

सर्जेराव कॅचरच्या जागेवर उकिडवा बसून कंटाळला होता. तो म्हणाला, "सर, उन्हं वर आली. खेळताय का तारीख मागताय?"

मला वाटतं, भाऊसाहेबांना ते लागलं. तारीख मागण्याचा त्यांना तिटकारा होता. ते पुढं आले आणि बॅट खांद्यावर घेऊन उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण उभा राहिला तो खेळाडूसारखा. हे मला कबूल केलं पाहिजे.

पहिला चेंडू सरळ आला. त्यांनी बॅट हलवली नाही. महेश खिशातला नियमांचा कागद चाचपत राहिला.

"स्ट्राइक म्हण की लेका," सर्जेराव म्हणाला.

"स्ट्राइक," महेश चोरट्या आवाजात म्हणाला.

दुसरा चेंडू वेगात आला आणि भाऊसाहेबांनी तो मारला. असा मारला की मी बघतच राहिलो आणि चेंडू माझ्या डोक्यावरून गेला. मी मागं धावलो. वळून फेकेपर्यंत ते पहिल्या बेसवर पोचले होते, दम लागला होता, आणि हसत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. क्षणभर ते विद्यापीठाच्या संघातले कोणीतरी होते, ज्याला कुणाचा सीनियर व्हायचं अजून सुचलं नव्हतं.

सुजाता म्हणाली, "लई भारी मारलासा, सर."

तिनं ते मनापासून म्हटलं. खेळणाऱ्याला चांगला फटका कळतो. आणि इथं सगळं मिटू शकलं असतं. चेंडू टाकला गेला होता, आभाळ कोसळलं नव्हतं, त्यांचा मान गेला नव्हता, उलट वाढला होता. पण त्यांचं हसू हळूहळू आत गेलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "महेश, नियम."

"सर, तुम्ही मारलाय की," महेश म्हणाला.

"मी काय केलं ह्याचा प्रश्नच न्हाय. पिचर बदलला का?"

"न्हाय."

"मग?"

महेशनं खिशातून कागद काढला आणि वाचला. सामना भाऊसाहेबांच्या संघाला गेला. बाद झाल्यावर त्यांनी नियम मागितला असता तर मी समजू शकलो असतो, हरलेला माणूस काहीही धरतो. हा माणूस जिंकून बेसवर उभा होता आणि तरी त्याला नियम पाहिजे होता. त्यांना धाव नको होती, सामनाही नको होता. समोर कुणी उभं राहिलं होतं, तेच त्यांना पुसून टाकायचं होतं. त्यांच्या संघानं टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या.

सुजातानं हातमोजा काढून महेशच्या हातात दिला, सरळ मोटरसायकलपाशी गेली, सीटवर कागद पसरला आणि सही केली. मौला म्हणाला, "म्याडम, हरलासा की वो." ती म्हणाली, "व्हय. चला, आता मंगळवारचं बघू. लूमवर कुणाकुणाचे फोटो हायत मोबाइलमध्ये, सगळे काढा."

समितीनं तिला पुढच्या हंगामासाठी खेळातून काढलं. सोमवारी तिच्या टेबलावर रोज येणारी कामं आली नाहीत.

मंगळवारी ती उभी राहिली. भाऊसाहेबांनी सुरुवात केली ती अशी, की आपल्याच हाताखाली घडलेली मुलगी आज समोर उभी आहे याचं आपल्याला दुःख आहे, वकिलीतला शिष्टाचार आता उरला नाही, वगैरे. छान बोलले. कोर्ट ऐकत होतं. सुजातानं उत्तर दिलं, "सरांच्या दुःखावर माझ्याकडं उत्तर नाही. हजेरीवर आहे." आणि ती मागांपुढं उभ्या असलेल्या माणसांचे फोटो एकेक करून देत गेली. सणाला शेडमध्ये नारळ फोडताना, मागच्या भिंतीवर मालकाचं नाव. निकाल लागेपर्यंत माग हलवायचे नाहीत असा हुकूम झाला. खटला अजून चालू आहे, आणि तिचं टेबल कसंबसं चालू आहे. कबनूरहून आता दुसऱ्या शेडची माणसंही तिच्याकडं यायला लागली आहेत.

त्या मंगळवारी दुपारी कोर्टाबाहेर व्हरांड्यात लांब बाकावर सात-आठ वकील बसले होते, महेश होता, ज्येष्ठ होते. टोकाला राजाराम आणि मौला बसून भाकरी खात होते. भाकरीवर मिरचीचा खर्डा, खाली वर्तमानपत्र. भाऊसाहेब कोर्टातून बाहेर आले. त्यांच्या ऑफिसात काम केलेला माणूस ते समोर आले की बाकावरून उठतो, आणि ते बसल्याशिवाय बसत नाही. सगळे उठले. राजाराम आणि मौला तेवढे बसून राहिले.

बाक जवळजवळ सगळा मोकळा झाला होता. राजारामनं वर पाहिलं. घास गिळला. वर्तमानपत्र आपल्याकडं ओढून घेतलं आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"लई बोललासा सकाळधरनं," तो म्हणाला. "दमला असशीला. बसा की पावणं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भाऊसाहेबांनी झाडलेल्या जागेकडं पाहिलं, मग भाकरीकडं, मग घड्याळाकडं. त्यांचा पाय दुखत होता, रविवारी पळाल्यामुळं असेल, आणि ते एका हातानं खांबाला धरून होते. पण बसले नाहीत. आणि ते बसले नाहीत म्हणून महेश बसला नाही, ज्येष्ठ बसले नाहीत, कुणीच बसलं नाही. भरदुपारी काळे कोट घातलेली माणसं मोकळ्या बाकासमोर रांगेनं उभी.

सुजाता फाइल घेऊन बाहेर आली. राजारामनं झाडलेल्या जागेवर बसली. मौलानं अर्धी भाकरी मोडून तिच्या हातात दिली.